उजवीकडून येणारं पाखरू

आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो भावासाठी. पण दोन आठवड्यांत तो आईचा झाला आणि मग वीस-बावीस वर्षं आईचाच राहिला.

पुसदला बसस्टँडच्या मागच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत दाराशी आईचं शिलाई मशीन आणि कोपऱ्यात लोखंडी टेबलावर टीव्ही. आई ब्लाउज शिवायची, परकर शिवायची, जून महिन्यात पोरींचे शाळेचे ड्रेस शिवायची. बाबा पुसद ते महागाव काळी-पिवळी जीप चालवायचे. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो सातवीत वर्गात पहिला आला, म्हणून बाबांनी नांदेडहून हा गेम आणला. एक करडा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलं होतं की आत शेकडो गेम आहेत. खरं तर सहाच होते. तेच सहा नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

त्या सहांतला एकच आम्ही खेळलो. एक प्राणी डावीकडून उजवीकडे पळतो, एवढंच. कोणता प्राणी ते चित्रावरून कळत नसे. आम्ही त्याला मुंगूस म्हणायचो. बटण दाबून धरलं की तो पळायला लागायचा आणि उताराला लागला की असा सुटायचा की मागच्या झाडांच्या नुसत्या रेघा व्हायच्या. वाटेत खड्डे, काटे, पाय ठेवला की ढासळणारे पूल. आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून झडप घालणारं एक काळं पाखरू. पाखरू दिसताक्षणी मुंगसाला खाली बसवायचं. जरा उशीर झाला की मेला. तीनदा मेला की पुन्हा पहिल्यापासून.

भाऊ दुसऱ्या टप्प्यापुढे कधी गेला नाही. तो चिडायचा, रिमोट आपटायचा. आई मशीनवरून बघत असायची. एका दुपारी तिने सुई वर करून कापड तसंच ठेवलं आणि आमच्याजवळ येऊन बसली.

"आण इकडं. मले पाहू दे."

भाऊ हसला. "आई, तुले नाही जमत. लय फास्ट राह्यते ते."

"पाहू तर दे ना बाप्पा."

पहिल्या दिवशी ती सात-आठ वेळा खड्ड्यात पडली. दुसऱ्या दिवशी बाबांचं जेवण उरकल्यावर पुन्हा बसली. पंधरा दिवसांत ती तिसऱ्या टप्प्यात होती. गल्लीतली पोरं दारात उभी राहून बघायला लागली. आई पदर खोचून, मांडी घालून, टीव्हीच्या अगदी समोर बसायची, कारण रिमोटची वायर हातभरच होती. तोंडाने एक शब्द नाही. फक्त उजवा पाय मांडीखाली हलत राहायचा, मशीनवर हलतो तसा.

तिला त्यात काय सापडलं होतं, हे मी खूप वर्षांनी एकदा विचारलं. तिने जरा विचार केला. म्हणाली, "त्याले थांबताच येत नाही वं. थांबला की मेला. मले ते आवडे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आन् कोणी म्हणत नाही, गळा मोठा झाला, बाही आखूड झाली."

रोज दुपारी दोन ते तीन ही तिची वेळ. तेव्हा गिऱ्हाईक येत नसे. लोडशेडिंग असलं तर ती वाट बघायची, गेममुळे कुठलं काम मागे पडू द्यायची नाही, पण ती दुपार कुणाला द्यायचीही नाही. कॅसेट चालेनाशी झाली की काढून फुंकर मारायची, शिलाईच्या तेलाच्या फडक्याने नाही, वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसायची. पाच टप्पे होते. पाचवा तिने एका उन्हाळ्यात पार केला. शेवटी काही नव्हतं. काळा पडदा, इंग्रजीत दोन शब्द आणि पुन्हा पहिला टप्पा. भावाला फार वाईट वाटलं. आईला नाही. "मंग काय? परत पळायचं," म्हणाली.

भाऊ पुढे पुण्याला गेला, तिथेच नोकरीला लागला. मी डी.एड. करायला अमरावतीला गेले. सुट्टीत घरी आले की आई आणि मी आळीपाळीने खेळायचो. एक जीव तिचा, एक माझा. मी तिच्याजवळपासही पोचत नसे. मी खेळताना ती माझा हात धरून सांगायची, "आता पाखरू येते पाह्य. आलं. बस." तिला ते माझ्या आधी दिसायचं.

डी.एड. संपवून परत आले त्या वर्षीच्या दिवाळीत मी तिला पहिल्यांदा हरवलं.

ती दुपार मला नको इतकी स्पष्ट आठवते. तिसऱ्या टप्प्यात ती पाखराला लागून मेली. पुन्हा खेळली, पुन्हा तिथेच मेली. मी त्याच ठिकाणाहून पुढे गेले, चौथा टप्पा ओलांडला आणि उठून नाचले. भावाला फोन लावला. "दादा, आईले हरवलं!" तो तिकडून म्हणाला, "म्हातारी झाली ती आता." मी ते आईला मोठ्याने सांगितलं. ती हसली. म्हणाली, "तू शिकली वं आता."

त्यानंतर मी हरवतच गेले. आई रोज त्या पाखराला लागायची. कधी वरून पडणाऱ्या दगडाला, कधी बाजूच्या काट्यांना. मी म्हणायचे, "आई, झोपली काय? एवढं मोठं पाखरू दिसत नाही तुले?"

"दिसते ना. पण एकदम समोरच उगवते. आधी कोपऱ्यातून येत होतं."

तिला वाटलं कॅसेट खराब झाली. ती तिने दुकानात नेऊन साफ करून आणली. तरी पाखरू तसंच. मग ती म्हणायला लागली की पाखराचा रस्ता बदलला आहे. मी हसायचे. बाबाही हसायचे.

डोळ्यांचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण तिच्या डोळ्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. ती बारीक सुईत पहिल्या फटक्यात दोरा ओवायची. हुक-आय लावायची. पेपरमधली बारीक अक्षरं मला वाचून दाखवायची. चालताना दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा, तेव्हा ती चौकटीला बोलायची. भाजी आणायला गेली असताना बसस्टँडच्या चौकात एक सायकलवाला तिच्या अंगावर आला. कोपर सोलून निघालं. "आंधळा होता मेला," म्हणत ती घरी आली. मी तिच्या कोपराला हळद लावली.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. तोवर मला महागाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली होती. सकाळी बाबांच्याच जीपने जायचे, संध्याकाळी परत. एप्रिलमध्ये आमच्या विहारात डोळे तपासणीचं शिबीर लागलं. आई चष्म्याचा नंबर काढायला गेली. तिथल्या डॉक्टरने तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. चष्म्याबद्दल काही बोलला नाही. चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाला, यवतमाळला जा, आठवड्याच्या आत जा.

मी रजा टाकून तिला घेऊन गेले. दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं. पांढऱ्या घमेल्यासारखी आतून पोकळ गोल वाटी, तिच्यात तोंड घालून बसायचं. हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात वायरला लावलेलं एक बटण.

यंत्रावरची मुलगी म्हणाली, "काकू, नजर मधातच ठेवा. बाजूला कुठंबी बारीक लाइट लागला की बटन दाबा. लाइट पाहाले डोळा फिरवू नका."

आईने बटण हातात घेतलं, अंगठा त्यावर ठेवून पाहिला आणि माझ्याकडे वळून खुशीत म्हणाली, "अवं, हा तर गेमच आहे."

मी तिच्या मागे स्टुलावर बसले होते. तिथून मला वाटीचा आतला भाग दिसत होता. एक ठिपका लागला, बटणाचा आवाज आला. दुसरा डावीकडे लागला. आवाज नाही. वर उजवीकडे लागला. आवाज नाही. पुन्हा वर. आईचा अंगठा बटणावर तयार होता, जरासा उचललेला, पाखराची वाट बघताना असायचा तसा. ठिपके लागत होते, विझत होते. तो अंगठा हलत नव्हता. मी ओरडले असते, आई, वर बघ. पण बोलायला मनाई होती.

दुसरा डोळाही झाला. आईने पट्टी काढली, डोळे चोळले. मला म्हणाली, "एकबी सोडला नाही. सोप्पा होता."

यंत्रातून कागद निघाला. कागदावर डोळ्यांचे दोन गोल होते आणि दोन्ही गोल कडेकडेने काळे होते. उजव्या डोळ्याच्या मध्ये रुपयाएवढी जागा पांढरी होती. डाव्यात थोडी जास्त.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी काचबिंदू म्हटलं. आईला मोतीबिंदू माहीत होता. तिने विचारलं, "मंग ऑपरेशन कराचं काय?"

"मोतीबिंदूसारखं नाही ना हे, मावशी. यात डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढते आणि नस वाळत जाते. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. दुखत नाही, म्हणून कळत नाही. औषधानं आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू."

"आन् गेलेली?"

"गेलेली येत नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं का? धक्के लागणं, बाजूचं माणूस न दिसणं? दोन-तीन वर्षं आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं."

मी म्हणाले, "नाही आलं."

आई शेजारीच होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. काय पाहिलं कोण जाणे. तिला माझा चेहरा पूर्ण दिसण्यासाठी तेव्हाही मान थोडी हलवावी लागत असणार. परतीच्या गाडीत दिग्रस येईपर्यंत ती तो कागद डोळ्यांजवळ धरून बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे पाखरू येतच होतं."

मी तिच्या हातातला कागद घेऊन पिशवीत ठेवला.

त्यानंतरची वर्षं थेंबांची. सकाळी एक बाटली, संध्याकाळी दोन. थेंब चुकले नाहीत, एकही दिवस नाही. नागपूरला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशनही केलं. प्रेशर कागदावर उतरलं. तरी नजर जातच राहिली, हळूहळू. आई शिवत होती. मधली पांढरी जागा होती तोवर सुई दिसत होती. पण टेबलावरची कात्री शोधायला तिला हात फिरवावा लागायचा आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तर ते बोलल्याशिवाय कळायचं नाही. एकदा तिने एका नवरीच्या ब्लाउजचा गळा पाठीऐवजी पुढच्या तुकड्यावर कापला. नवरीची आई कापड उचलून निघून गेली. आईने टेप गुंडाळला, मशीनवर चादर घातली. पुन्हा ती चादर तिने काढली नाही.

गेम मात्र ती सोडत नव्हती. टीव्हीला जवळजवळ नाक लावून बसायची. आता ती डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त खेळत होती. पाखराच्या आधी वाजणारी चाल तिला पाठ होती, पुलावरच्या पावलांचा आवाज पाठ होता. संगीताच्या तालावर उडी मारायची, तालावर बसायची. अशी ती दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायची. मला वाटायचं हे तरी राहील. मी तसं भावाला फोनवर सांगितलंही. मग एका पावसाळ्यात विजेचा झटका बसून तो करडा डबा जळाला. दुकानदाराने उघडून दाखवला, आतली पट्टी काळी पडली होती. असे डबे आता येत नाहीत, म्हणाला.

भावाने पुण्याहून नवा पाठवला. हाताच्या बोटाएवढी वस्तू, टीव्हीला मागून लावायची, आत हजारो जुने गेम. आमचा मुंगूसही होता. माझ्या शाळेतली पोरं बापाच्या मोबाइलवर काय काय खेळतात, पण एकदा मी त्यांना शाळेच्या टीव्हीवर हा दाखवला तर मधली सुट्टी संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. एवढा जुना, एवढा साधा, आणि एका बोटाने पळवता येणारा. मला त्या दिवशी उगीच आशा वाटली.

आईच्या हातात नवा रिमोट दिला. गेम सुरू झाला. तिने दोन क्षण ऐकलं आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"हे ते नाही."

"तेच आहे, आई. मले दिसून राह्यलं ना."

ती खेळली. पहिल्याच खड्ड्यात पडली. पुन्हा. पुन्हा. पहिला टप्पा ती न बघताच कितीदा ओलांडायची, आता तिसरी उडी साधत नव्हती. मग माझ्याही लक्षात आलं. नव्या वस्तूत गेम किंचित जलद चालत होता. संगीत चढ्या सुरात वाजत होतं. बघून खेळणाऱ्याला तो फरक जाणवणार नाही. तिचं सगळं त्या तालावर बसलेलं होतं. भावाने पुण्यात कुणाकुणाला विचारलं, वेग कमी करता येतो का. एकाने दुसरी वस्तू सुचवली, तीही मागवली. ती उलट सावकाश चालायची.

महिनाभर ती दोन्हींवर बसली. नवा ताल शिकायला बघत होती. साठीकडे झुकलेलं वय, आणि तोवर मधली जागाही धूसर झाली होती. एका दुपारी तिने रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"तू खेळ. मले सांगत राह्य."

मी खेळायला लागले आणि सांगायला लागले. पण तो गेम सांगण्याच्या वेगाचा नाही. मी "काटे" म्हणेपर्यंत काटे मागे पडलेले. "पूल" म्हणेपर्यंत पूल ढासळून मुंगूस पलीकडे. बोलायच्या नादात मी मरायचे, खेळायच्या नादात बोलायचं थांबायचे.

"तू मांगून सांगून राह्यली," आई म्हणाली.

"काय करू मंग? लय फास्ट आहे."

"हाव. फास्टच आहे ते." आणि ती उठून भिंतीला हात लावत आत गेली. त्यानंतर तिने गेम मागितला नाही. मीही लावला नाही.

ते पाखरू दिसत नाही म्हणून मी तिला हसले होते, हे मी तिच्याशी एकदाच बोलले. बाबा गेले त्या वर्षी, आम्ही दोघीच घरात राहिलो तेव्हा. म्हणाले, "आई, मले तवाच समजाले पाहिजे होतं." तिने मला समजावलं नाही, रागावलीही नाही. "समजाले पाहिजे होतं," म्हणाली, आणि भाकरीचं पीठ किती काढलं ते विचारलं. तिला आता दिवस आणि रात्र यांतला फरक तेवढा कळतो.

यवतमाळच्या डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे पोरांमध्येही उतरू शकतं, दर वर्षी तपासत जा. भाऊ "पुढच्या महिन्यात जातो" म्हणतो. कितीतरी वर्षं म्हणतो आहे. मी जाते. त्या वाटीत तोंड घालून बसते, हातात बटण घेते. मला आजवर सगळे ठिपके दिसायचे. या वेळी बाहेर आले तेव्हा मला वाटलं, एकही सुटला नाही. कागदावर डाव्या डोळ्याच्या गोलात, वरच्या कडेला, नखाएवढा काळा डाग होता.

डॉक्टर बाईंचे केस आता पिकले आहेत. त्यांनी माझ्यासाठी थेंब लिहून दिले. तेच, आईचेच. "लवकर सापडलंय," म्हणाल्या. मी मान हलवली. आईचेही थेंब चुकले नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

घरी पोचले तेव्हा आई दारात पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. चप्पल काढल्याचा आवाज ऐकून तिने मान माझ्या दिशेने वळवली, पण थोडी चुकीच्या बाजूला.

"काय म्हणे डॉक्टर?"

"काही नाही. चांगलं आहे म्हणे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि शेंगांच्या टोपलीत हात घातला. मी तिच्या शेजारी बसले आणि सोलू लागले.